टाकी दिसत होती

मी वायुसेनेत हवामान निरीक्षक होतो. सार्जंट म्हणून निवृत्त झालो. आता तामलवाडीला शेती करतो. शाळेतली पोरं युद्धाचं विचारतात. माझ्याकडं सांगण्यासारखी आहे ती एक सकाळ.

पोस्टिंग ईशान्येतल्या एका छोट्या धावपट्टीवर होतं. तिन्ही बाजूंनी डोंगर. आठवड्यातून दोनदा छोटं विमान रसद आणायचं आणि आजारी जवान घेऊन जायचं. किती लांबचं दिसतंय ते टॉवरला कळवणं हे माझं काम. खुणा ठरलेल्या होत्या. चौकी पाचशे मीटरवर, पाण्याची टाकी बाराशेवर. टाकी दिसली तरच विमानानं उतरायचं.

विमानावरचा फ्लाइट इंजिनिअर सार्जंट विलास गायकवाड आमच्याच जिल्ह्यातल्या कळंबचा. उतरला की हाक मारायचा, "काय पाव्हणं, आज ढग कुठं बांधलेत?" त्या मुलखात आपली बोली ऐकायला मिळायची ती त्याच्याच तोंडून.

जानेवारी होता. एका जवानाचं अपेंडिक्स फुटलं होतं. दरड कोसळून रस्ता बंद. डॉक्टर म्हणाले, आज ऑपरेशन झालं नाही तर हा वाचणार नाही. ०७२० वाजता विमान डोक्यावर आलं. आवाज येत होता, दिसत काहीच नव्हतं.

मी फोनवर कळवलं, "टॉवर, व्हिजिबिलिटी फाइव्ह हंड्रेड."

पायलट फ्लाइट लेफ्टनंट नायर वरती घिरट्या घालत राहिले. ०७४१ला धुकं फाटलं. टाकी दिसली. मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. शिडीसुद्धा दिसत होती.

"टॉवर, ट्वेल्व्ह हंड्रेड."

टॉवरमधल्या कंट्रोलरनं वर कळवलं. नायर म्हणाले, "रॉजर. कमिंग इन."

०७४४ला टाकी पुन्हा धुक्यात गेली. मी फोनवर ओरडलो, "टाकी गेली! गो-अराउंड सांगा, उतरू नका म्हणावं!" तो सांगतच होता. इंजिनाचा आवाज एकदम चढला, आणि थांबला. धान्याचं पोतं पडावं एवढाच आवाज आला.

विमान धावपट्टीच्या अलीकडच्या टेकडीवर आदळलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा नायर गेलेले होते. विलासचा श्वास चालू होता. त्यानं मला ओळखलं. "त्यो पेशंट... दुसरं इमान बोलवा," एवढंच बोलला. स्ट्रेचरवर गेला.

दुपारी धुकं उठलं. दुसरं विमान आलं. त्यातून पेशंट गेला आणि या दोघांचे देहही गेले. पेशंट वाचला.

चौकशीत माझी नोंद बरोबर ठरली. पण बाराशे म्हणणारा आवाज माझाच होता.

सुट्टीवर आलो आणि कळंबला गेलो. विलासचे वडील एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी सरळ विचारलं, "उतरायला जमंल, असं कुणी सांगितलं?"

"मी, काका. तवा दिसत व्हतं."

 ते म्हणाले, "म्या बी धुक्यात गाडी हाकलीय. कंडक्टर उतरून म्होरं चालायचा, हात करायचा. त्याला दिसायचं तेवढंच त्यो सांगणार."  त्यांनी जेवल्याशिवाय मला सोडलं नाही.

नायर एकोणतीस वर्षांचे होते. विलास चौतीसचा. दर जानेवारीत मी कळंबला जातो. काका आता नाहीत. विलासची आई शेजारी बसवून घेते आणि विचारते, "शेवटाला काय बोललं माझं लेकरू?"

मी सांगतो, "पेशंटचंच बोलला, काकू."

ती मान हलवते. पुढच्या वर्षी पुन्हा विचारते.