टिळेकरांच्या सीडी

टिळेकर कपाटात बसून बोलत. दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत मी नवीन होते. चाळणी मागायला त्यांच्याकडे गेले, तर आतून संथ, घोगरा आवाज येत होता, "तुमचे खांदे सैल पडताहेत... पापण्या जड होताहेत..." त्यांची बायको, सुनंदावहिनी, ओठांवर बोट ठेवून दारात उभ्या. रजयांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून हा गृहस्थ माइक घेऊन कपाटात बसायचा आणि संमोहनाच्या सीडी बनवायचा. तेवढा वेळ घरात कुकर लावायलाही बंदी होती.

लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर आणि नोकरी सोडून ते गुडगावच्या एका कंपनीत गेले होते. घरी कॉम्प्युटर आला आणि त्याबरोबर हे वेड. आपल्या आवाजाखाली ते सूर भरत: एका कानासाठी एक, दुसऱ्यासाठी किंचित वेगळा. हेडफोन लावला की त्या फरकातून मेंदू स्वतःच एक मंद ठोका तयार करतो, असं ते सांगत. "बाहेर कुठेच नसतो तो. फक्त तुमच्या डोक्यात." शेजारच्या बायका मुलांच्या परीक्षांसाठी सीडी नेत. कुणाला गुण आला नाही, तर टिळेकरांचं उत्तर ठरलेलं होतं, "यूजर एरर. सीडी बिल्कुल बरोबर आहे."

वहिनींना झोप लागत नसे. टिळेकर त्यांना रोज हेडफोन लावून बसवत आणि समोर खुर्ची टाकून विचारत, "ठोका येतोय?" त्या आधी "नाही" म्हणत. मग "नीट लक्ष दे, मठ्ठ," असं ऐकून ऐकून त्या "हो" म्हणायला शिकल्या.

एका रविवारी आम्ही चार मराठी कुटुंबं त्यांच्याकडे जेवायला होतो. जेवणं झाल्यावर टिळेकरांनी वहिनींना हॉलच्या मधोमध बसवलं, हेडफोन लावला. "येतोय?"

"हो."

"कसा आहे?"

"मंद आहे. छान वाटतंय."

टिळेकर आमच्याकडे वळून हसले. "मी आज सूर भरलेलेच नाहीत. नुसता माझा आवाज आहे. बघितलंत? इतके महिने ही बाई माझ्याशी खोटं बोलतेय." कुणीतरी "जाने दो यार" म्हणालं. दोघंतिघं हसले. वहिनींनी हेडफोन काढून वायर व्यवस्थित गुंडाळली आणि ताटं उचलायला घेतली.

मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले. त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून दोनदा हाक मारली, तरी त्यांनी मान वळवली नाही. खांद्याला हात लावल्यावर दचकल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्याच आठवड्यात मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा कान जवळजवळ गेलेला होता. पडदा फाटलेला, दुखापत जुनी. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "लक्ष्मीबाई नगरला असताना. सासूबाईंना उलट बोलले होते, तेव्हा यांनी मारलं."

"आणि दोन कान लागतात हे माहीत असून तुम्ही सांगितलं नाहीत?"

"कानाचं सांगितलं असतं तर त्या थपडेचा विषय निघाला असता. त्यांना ती आठवतसुद्धा नाही."

संध्याकाळी मीच टिळेकरांना सगळं सांगितलं, थप्पडसुद्धा. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, माणूस आतून हलला. मग बायकोकडे बघून म्हणाले, "म्हणजे माझी इतक्या महिन्यांची मेहनत फुकट. आधी सांगायला काय झालं होतं?"

त्याच महिन्यात वहिनी भावाकडे नाशिकला गेल्या, त्या परतल्या नाहीत. टिळेकर सोसायटीत सांगत, "हवा मानवत नव्हती तिला इथली." कपाटातलं बोलणं चालूच राहिलं.

पुढे मी नाशिकला गेले, तेव्हा वहिनींना भेटले. त्या मेथी निवडत होत्या. फोन वाजला, टिळेकरांचा. त्यांनी तो डाव्या कानाला लावून खांद्यानं धरला आणि मेथी निवडत राहिल्या. मधूनमधून "हं" म्हणत होत्या. पलीकडून तो संथ, घोगरा आवाज मला खोलीभर ऐकू येत होता. जुडी संपली, तसा त्यांनी फोन ठेवला.

"त्यांचं बोलणं संपलं हे कसं कळतं तुम्हाला?" मी विचारलं.

"संपत नाही," त्या म्हणाल्या. "मी ठेवते."