दुसरी विहीर

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सातपूरच्या कारखान्यात मी आठवडाभर यंत्रांना तोच राखाडी रंग मारायचो, जीव विटून जायचा. म्हणून घोटीकडच्या एका सरपंचांनी शाळेच्या भिंतीवर ‘आदर्श गाव’ काढायला बोलावलं, तेव्हा सुट्टीच्या दिवशी धावतच गेलो. मनातलं सगळं त्या भिंतीवर ओतलं. गावाच्या मधोमध एकच विहीर, आणि तिच्यावर सगळ्या घरच्या बाया एकत्र पाणी शेंदतायत.

संध्याकाळी माणसं जमली. सरपंच गोडीतच म्हणाले, “पेंटर, चित्र लय भारी हाय. पण दुसरी विहीर राहिली. ती तिकडं, वेशीबाहेर.”

“अहो, आदर्श गाव आहे ना हे?” माझा आवाज चढला.

“म्हणूनच सांगतो. उगा भांडण नको.”

तिथल्या बौद्ध वस्तीतली, म्हणजे आमचीच, माणसं मागे उभी होती. मी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्यातला एक म्हातारा जवळ येऊन हळूच म्हणाला, “काढ बाबा. तू जाशील निघून. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय.”

मी वेशीबाहेर विहीर काढली. निम्म्या बाया पुसून तिकडे नेल्या.

“आता कसं,” सरपंच खुशीत म्हणाले, “आपलं गाव वाटतंय!”