बोडीवरची बारीक गोळी

त्या घटनेची आठवण माझ्या मनात अजून ताजी आहे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्या मानाने हे प्रकरण किरकोळच. पण एखादी वस्तू कशी चालते हे जाणून घ्यायची माणसाला जी खाज असते, तिच्यापायी ते घडले आणि तिच्यामुळेच उलगडले. म्हणून ते डोक्यातून जात नाही.

काळ पन्नासच्या दशकातला. चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सावली गावाकडून वैनगंगेच्या बाजूला गेले की लागणाऱ्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. ठाणे म्हणजे दोन खोल्या, एक कोठडी, जप्त माल ठेवायचा मालखाना आणि मागे मोकळी जागा. त्या जागेत मातीचा बांध घालून आम्ही चांदमारी केली होती. शिपायांचा नेम तिथे सुधारायचा कमी आणि बिघडायचा जास्त, पण सराव चुकवत नव्हतो.

शेजारच्या जंगलखात्याच्या बंगलीत एक रेंजर राहत असे. माणूस सरळ, जरा तिरसट, आणि कुठलेही यंत्र दिसले की उघडून पाहिल्याशिवाय चैन न पडणारा. त्याच्या मनाने घेतले की जंगलातल्या फेरीला आणि संध्याकाळच्या चांदमारीला, दोन्हीला चालेल असे एक लहान रिव्हॉल्व्हर घ्यावे.

मी चिडवले, "पॉइंट टू-टूच्या गोळीने अस्वल मरत नाही, फक्त चिडते."

"अस्वलाला मारायचे कुणाला आहे? आवाजाने पळाले तरी पुरे," तो म्हणाला. "मोठे रिव्हॉल्व्हर कमरेला ओझे होते. शिवाय त्याचा झटका असा बसतो की दहा गोळ्यांनंतर आपण डोळे मिटून चाप ओढायला लागतो. लहान गोळीवर हात बसतो."

परवाना मिळाल्यावर तो मला नागपूरच्या एका दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने दोन नग पुढे ठेवले. एक चकचकीत, निकेलचा मुलामा दिलेले, मुठीवर नक्षी. दुसरे काळे, साधे, हाताला जड. माझे लक्ष अर्थातच चकचकीतकडे गेले. रेंजरने मात्र दोन्ही आधी रिकामी आहेत याची खात्री केली आणि एकेकाचा घोडा चढवून गोळ्यांची चक्री बोटाने हलवून पाहिली. काळ्याची चक्री जागची हलली नाही. चकचकीतची थोडी डुलली.

"हीच मेख आहे," तो म्हणाला. "चक्रीतले घर नळीसमोर नेमके आले नाही, तर गोळी नळीत शिरताना कडेला घासते. शिसे तासले जाते आणि त्याच्या किरच्या बाजूने उडतात."

माझा विश्वास बसेना. दुकानामागे बंदुका तपासायची जागा होती. तिथे त्याने रिव्हॉल्व्हर एका ठोकळ्यावर बांधून चक्रीच्या बाजूला कोरा कागद उभा केला आणि दोन्हींतून गोळ्या झाडायला लावल्या. काळ्याजवळचा कागद फक्त काजळला. चकचकीतजवळच्या कागदाला बारीक भोके पडली. दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मग रेंजरने नळीच्या टोकाची नेम धरायची माशी नीट दिसते का, चाप एकसारखा ओढला जातो का, मूठ घामट हातात सरकते का, हे सगळे पाहिले आणि काळे रिव्हॉल्व्हर घेतले. पोरीसाठी स्थळ पाहायला आल्यासारखा तो त्या दुकानात अर्धा दिवस बसला होता.

ते दुसरे, चकचकीत रिव्हॉल्व्हर पुढे कुणी घ्यावे? आमच्याच हद्दीतल्या एका जुन्या मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने. मालगुजारी कायद्याने गेली होती, ऐट शिल्लक होती. परवान्याची नोंद करायला तो ठाण्यात आला तेव्हा त्याने ते दागिन्यासारखे मखमलीत गुंडाळून आणले होते. मी नोंद केली आणि बेताने वापरा म्हणालो. त्यालाही ते दाखवण्यापुरतेच हवे होते.

त्यानंतर एका हिवाळ्यात सकाळीच हेड कॉन्स्टेबल धापा टाकत आला. "सायेब, बोडीवर मच्छीमाराले गोळी लागली. गावातले लोकं रेंजर सायबाच्या बंगलीवर निघाले."

बोडी म्हणजे धानाला पाणी देणारा लहान तलाव. मच्छीमार कमरेइतक्या पाण्यात जाळे ओढत होता, तेवढ्यात खांद्याखाली गोळी लागली. त्याला कुणी दिसले नाही, कारण समोर लव्हाळा दाट होता. त्याच्या बायकोने मात्र ठाण्यात येऊन थेट नाव घेतले.

"रेंजर सायबानंच मारलं जी माह्या नवऱ्याले! मासोळीच्या सापळ्याचे बांबू जप्त केले तवा भांडण झालं होतं. सकाळी तेच तिकडून गेले. एवढी बारीक गोळी आणखी कोणाची राहीन?"

बाई रडत होती, पण बोलणे चोख होते. भांडण खरे होते. गावकऱ्यांना घरगुती गरजेपुरता जो निस्ताराचा हक्क असतो, त्यापेक्षा जास्त बांबू तोडला म्हणून रेंजरने तो जप्त केला होता. त्या सकाळी तो बोडीच्या वाटेने गेला हेही खरे होते. आणि गावातल्या बंदुका म्हणजे सगळ्या भरमार, नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून उडवायच्या. त्यांची जखम अशी एकुलती आणि बारीक नसते.

मी रपट लिहून घेतली, जखमीला डोंग्याने वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या दवाखान्यात पाठवले आणि बंगलीवर गेलो. बाहेर लोक जमले होते. रेंजर आत पाठ ताठ करून बसला होता.

"तुम्हीही मलाच विचारणार?" तो म्हणाला.

"मी नाही विचारले, तर हे बाहेरचे मला विचारतील. गोळी झाडलीत?"

"आज नाही. काल संध्याकाळी चांदमारीत झाडली, तुमच्यासमोर."

म्हणजे नळीला दारूचा वास येणार, आणि त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही. मी पंचांसमोर रिव्हॉल्व्हर जप्त करून सील केले. त्याच्या वरिष्ठांना कळवणे भाग होते. गुन्हा दाखल झाला की निलंबन, आणि कोर्टात शाबीत झाला की कैद. त्याची म्हातारी आई त्याच्याजवळच राहायची. ती दाराआड उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मैत्रीतल्या माणसाच्या घरात पंचनामा करणे किती जड असते, ते मला त्या दिवशी कळले.

मच्छीमार वाचला. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी गोळी काढून पुडीत बांधून पाठवली. ती टेबलावर ठेवून मी भिंग लावले आणि पाहतच राहिलो. गोळीच्या एका कडेचे शिसे सालपट काढल्यासारखे तासले गेले होते. मला तो भोके पडलेला कागद आठवला.

पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. मी मालगुजाराच्या वाड्यावर गेलो. तो घटनेच्या आदल्या दिवसापासून नागपूरला होता आणि नुकताच परतला होता. साक्षीदार होते, शंकेला जागा नव्हती.

"ठाणेदारसाहेब, ते तर कपाटात कुलूपबंद असते," तो म्हणाला. कपाट उघडले. मखमल होती, रिव्हॉल्व्हरही होते. नळीला तेल भरपूर चोपडले होते, पण चक्रीच्या तोंडाशी ताजी काजळी होती.

"किल्ली कुणाजवळ असते?"

"माझ्याजवळ. आणि... गावाला जाताना रखवालदाराजवळ ठेवतो. तेलपाणी तोच करतो."

रखवालदार म्हणजे त्याच्या शेताचा राखण्या. रानडुकरांपासून धान वाचवण्यात उभी हयात गेलेला, भरमार बंदुकीचा सराईत माणूस. तो अंगणात अदबीने उभा होता. डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि बोटाला हळद लावून चिंधी बांधली होती.

"हाताले काय झालं?" मी विचारले.

"विळा लागला जी."

मी चिंधी सोडायला लावली. विळ्याची जखम सरळ रेघेची असते. इथे बारीक बारीक खरचटे होते, कातडीत काळे ठिपके रुतले होते. रिव्हॉल्व्हर जप्त करून त्याला ठाण्यात आणले.

त्याची जबानी घेताना मी आवाज चढवला नाही. त्याने एकच पालुपद धरले. "मी त्याले हात नाई लावलो जी. मले ते चालवता बी नाई येत." मी ते तसेच लिहून घेतले. तोवर आम्ही दोन्ही रिव्हॉल्व्हरांतून पंचांसमोर ओल्या कापसाच्या पोत्यात गोळ्या झाडल्या होत्या. रेंजरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी सगळीकडून सारखी होती. चकचकीतची एका कडेने तासलेली. तिन्ही गोळ्या सरकारी तज्ज्ञाकडे पाठवायच्या ठेवल्या. हत्यार कोणते ते जवळजवळ ठरले होते, पण हात कुणाचा हे ठरायचे होते.

मला एक कल्पना सुचली. खरे म्हणजे ती कल्पनाही नव्हती, फक्त कुतूहल होते. दुकानात रेंजरने रिव्हॉल्व्हर धरले तेव्हा त्याचे दोन्ही हात मुठीशी होते. आयुष्यभर भरमार चालवणारा माणूस ते कसे धरील? मी चकचकीत रिव्हॉल्व्हर रिकामे करून पंचांना दाखवले आणि व्हरांड्यात रखवालदाराच्या हातात दिले.

"त्या बांधावर नेम धर पाहू. चालवता नाही येत म्हणतोस, नुसते धरून दाखव."

त्याने उजव्या हातात मूठ घेतली. डावा हात आपसूक पुढे गेला आणि नळीखाली टेकला, थेट चक्रीच्या तोंडाजवळ. जड, लांब नळीला पुढून आधार द्यायचा, ही त्या हाताची जन्माची सवय. त्या पकडीत त्याचा अंगठा आणि बोट नेमके तिथे आले, जिथून शिशाच्या किरच्या उडतात. जखमा आणि जागा एकावर एक बसल्या. त्याने स्वतःच आपल्या हाताकडे पाहिले आणि मटकन खाली बसला.

"मले पाहाचं होतं जी," तो रडत म्हणाला, "एवढंसं खेळणं कसं वाजते ते. मालक नव्हते. बोडीवर पाणकोंबडी बसून होती, तिच्यावर धरलो. हाताले चटका बसला तवा माह्या हातातून पडलंच ते. पलीकडून कोणी बोंबललं, मले वाटलं आवाजानं भेला. माणूस दिसलाच नाई जी मले."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"घरी गेलो तं लोकं रेंजर सायबाचं नाव घेऊन राह्यले होते. मी चूप राह्यलो."

ते खोटे नव्हते. आम्ही बोडीवर जाऊन जागा पाहिली. पाण्यावर सपाट कोनात झाडलेली गोळी चपट्या दगडासारखी उसळी घेते, आणि लव्हाळ्यातून पलीकडे उभ्या माणसापर्यंत सहज पोचते. पुढे तज्ज्ञाचे मतही तसेच आले. रखवालदारावर निष्काळजीपणाचा खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला, त्याला सौम्य शिक्षा झाली. मालगुजाराचा परवाना रद्द झाला. रेंजरचे नाव प्रकरणातून निघाले. ते कागद घेऊन मी स्वतः बंगलीवर गेलो तेव्हा त्याच्या आईने माझे दोन्ही हात धरले. मला फार बरे वाटले, हे लपवत नाही.

जप्त रिव्हॉल्व्हर परत न्यायला रेंजर ठाण्यात आला, त्या दिवशी योगायोगाने मच्छीमाराची बायकोही आली होती. त्याला पाहताच ती खाली मान घालून म्हणाली, "चुकलं जी, सायेब."

रेंजरने तिला बसायला सांगितले. राग नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. "बाई, तू मले पाह्यलं नव्हतं. भांडण तं गावात दहा जणांशी झालं असन. मग माझंच नाव काऊन घेतलं?"

ती भिंतीला टेकून बसली. मग सांगून मोकळी झाली.

"आधी तुमी जंगलात रिकाम्या हातानं येत होते. तवा तुमचा राग आला तरी भेव नाई वाटे, आमी तोंडावर भांडत होतो. हे कमरेले लटकवलं तवापासून आमी रस्ता सोडून उभे राहू लागलो. त्या दिवशी रगत पाह्यलं, अन् तुमचंच नाव तोंडात आलं."

पोलीसखात्यात इतकी वर्षे कमरेला हत्यार बांधून हिंडलो, पण समोरच्या माणसाला ते कसे दिसते हे मला इतक्या सरळ कुणी सांगितले नव्हते. या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच: हत्यार आपण आपल्या बाजूने पारखतो, आणि लोक ते दुसऱ्या बाजूने पाहतात. साक्षीदार न पाहिलेले नाव खात्रीने सांगतो तेव्हा तो खोटेच बोलत असतो असे नाही. अनेकदा तो नुसता घाबरलेला असतो. त्यानंतर प्रत्येक तपासात नाव घेणाऱ्या माणसाला मी आधी हे विचारत गेलो, की तुला याची भीती वाटते का. पुष्कळ गाठी तिथेच सुटल्या.

रेंजरने पोचपावतीवर सही केली आणि रिव्हॉल्व्हर पुन्हा माझ्याकडे सरकवले. "मालखान्यात रीतसर जमा करून घ्या. चांदमारीला आलो की मागून घेत जाईन." मग त्याने पट्ट्यावरची रिकामी कातडी खोळ काढून टेबलावर ठेवली.

"चाल बाई," तो म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचा खांदा पाहू दे मले."

दोघे बाहेर पडली. रस्ता अरुंद होता. ती बाजूला झाली नाही, त्याच्या बरोबरीने चालत, हातवारे करत त्याला बांबूंवरून बोल लावत गेली.