पहिले सीसी सांगा!

आमच्या अहेरीच्या दवाखान्यात बँडेज संपते, किस्से काही संपत नाईत! मी प्लास्टर रूमची सिस्टर. मोटारसायकलवरून पडलेला पेशंट आला, की आमचे ड्रेसर वामनभाऊ नाव विचारत नाईत, "गाडी किती सीसीची?" विचारतात. शंभर म्हटलं की ड्रेसिंगचा ट्रे काढतात. साडेतीनशे म्हटलं की सरळ ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरले हाक!

*

एका आजोबांनी "पन्नास" सांगितलं. वामनभाऊंनी नुसता कापूस घेतला. पाहतात त गळ्याचं हाड मोडलेलं! मोपेडवर आजोबा, दोन नातवं, मोहफुलाचं पोतं अन् पोत्यावर कोंबडा.

"बाबा, एवढे काऊन बसले?"

"लहान गाडी हाये ना भाऊ. तिच्यावरून कुठी लागते का!"

नातवं ठणठणीत होती. कोंबडाही.

*

भामरागडकडचा एक जण. पुलावर पाणी, म्हणून पठ्ठ्यानं मोठी गाडी डोंग्यात चढवली अन् तिच्यावर ऐटीत बसूनच नदी पार केली. डोंगा काठाले टेकला, गाडी आडवी, हा तिच्याखाली!

डॉक्टरांनी विचारलं, "स्पीड किती होता?"

"मले काय माहीत साहेब! वल्हं भावाच्या हातात होतं."

*

पण खरी धाकधूक झाली ती आमच्या प्रणालीची. माझी ज्युनिअर सिस्टर. चामोर्शीच्या मास्तराशी लग्न जमलेलं. पोरगा गुणाचा, पण साडेतीनशेचीच गाडी घेतो म्हणून अडून बसलेला. रोज मोडके पाय पाहणारी पोरगी, रडकुंडीले आली. "ताई, ते गाडी आणली त मी लग्नच नाई करत!"

मी म्हटलं, "रविवारी आण त्याले वार्डात. पाहून उतरन भूत."

आला. "जय भीम ताई" म्हणाला. पहिल्याच खाटेवर साडेतीनशेवाला, पायाले वजन टांगलेलं. मी त्याले म्हटलं, "सांगा जरा मास्तरले, गाडी कशी हाये ते."

तो त उठूनच बसला! "घ्या मास्तर, डोळे मिटून घ्या! काय पिकअप, काय आवाज!"

प्रणालीचं तोंड एवढुसं झालं. मी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात त्या पेशंटची बायको खाटेखालचा भरलेला पॉट घेऊन उठली अन् तिनं तो प्रणालीच्या हातात दिला. "सिस्टर, इथं ड्युटी म्हणून करता. उद्या घरी बी कराल."

मास्तर दोघींकडे पाहत राह्यला. मग पुढं आला, प्रणालीच्या हातातला पॉट घेतला अन् मले विचारलं, "ताई, संडास कुठी हाये?"

हात धुऊन परत आला, तो सरळ प्रणालीजवळ. "चाल, लहान गाडी पाहू. रंग तू सांग!"