हान मॅडमना किती नमस्कार?

हान मॅडम गेल्या. आणि मला कळत नाहीये की नमस्कार एक करायचा की दोन.

हसू नका. खरंच अडलंय.

कोरियात जिवंत माणसाला एकदा वाकून नमस्कार करतात. गेलेल्या माणसाला दोनदा. हे मला चौदाव्या वर्षी मॅडमनीच शिकवलं. दुबईत, अल क्वोजच्या एका गोदामात. खाली टाइल्सचा साठा, वर आमचा बॅलेचा क्लास.

नव्वदच्या दशकाचा शेवट. आम्ही करामाला राहायचो. बिल्डिंगमधल्या बाकी मुली भरतनाट्यमला जायच्या. मलाही घातलं होतं, पण तिथल्या बाईंनी दोन महिन्यांत हात टेकले. मग बाबांच्या ऑफिसातल्या कुणीतरी या कोरियन बाईंचं नाव सांगितलं. आईचं म्हणणं एवढंच होतं की पोरगी संध्याकाळी टीव्हीसमोरून उठली पाहिजे.

मॅडम जेमतेम पाच फुटांच्या. आवाज कधी चढला नाही. चुकलं की "अगेन" म्हणायच्या. बरोबर आलं तरी "अगेन".

खूश आहेत की वैतागल्यात, हे मला चार वर्षांत एकदाही ओळखता आलं नाही.

त्या वर्षी त्यांनी एक नवा बॅले बसवला, त्यांच्याकडच्या तीन ओळींच्या एका जुन्या कवितेवर. पहिल्या ओळीत मुलगी खूप दिवसांनी घरी येते. दुसरीत तिला आई समोर बसलेली दिसते. अशा कवितांत तिसरी ओळ वळण घेतेच, मॅडम सांगायच्या.

इथलं वळण म्हणजे ते दोन नमस्कार.

मुलगी एकदा वाकते, लोकांना वाटतं आईची भेट झाली. ती दुसऱ्यांदा वाकते तेव्हा कळतं की आई केव्हाच गेलीय. मग आईवरचा लाइट जातो.

मुलगी मी. आई स्वतः मॅडम.

उड्या आणि गिरक्या कशाबशा जमल्या. नमस्कार जमेना. एका हातावर दुसरा हात ठेवून ते कपाळाशी धरायचे, नजर खाली, आणि कशाचाही आधार न घेता सावकाश गुडघ्यांवर बसायचं. मी धपकन बसायचे.

"स्लो," मॅडम म्हणायच्या. "यू आर नॉट कॅचिंग बस."

शोच्या आठवड्यात आई रिहर्सल बघायला आली. परत येताना गाडीत तिनं दोन नमस्कारांचा अर्थ विचारला. मी सांगितला. तिचा चेहरा उतरला.

"बाई समोर चांगल्या धडधाकट बसल्यात. जिवंत माणसाला मेल्याचा नमस्कार करायचा नाही. अभद्र असतं ते."

"आई, इट्स जस्ट अ डान्स."

"असू दे. त्यांनाही घरदार आहे."

मी खिडकीबाहेर बघत बसले. पण ते डोक्यात शिरलं ते शिरलंच.

शो एका शाळेच्या हॉलमध्ये होता. पहिला नमस्कार मी इतका छान केला की माझं मलाच नवल वाटलं. उठले. हात परत कपाळाशी नेले. समोर पांढऱ्या कपड्यांत मॅडम, माझ्याकडे बघत.

आणि मला वाकताच येईना.

म्युझिक चालू, मी उभी, मॅडम बसलेल्या. लाइटवाला माझ्या वाकण्याची वाट बघत राहिला, त्यामुळे त्यांच्यावरचा लाइट तसाच. शेवटी म्युझिक संपलं आणि पडदा पडला.

कवितेतली आई काही गेली नाही.

विंगेत मॅडमनी विचारलं, "व्हाय वन?"

मी रडत रडत सांगितलं, "माय मदर सेड यू आर अलाइव्ह."

त्यांनी तोंडावर हात धरला. खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, मला आजही माहीत नाही. मग म्हणाल्या, "ओके. खलास." आणि मेकअप पुसायला गेल्या.

मी म्हटलं, हुश्श, सुटले.

दोन आठवड्यांनी क्लासमधल्या एका मोठ्या मुलीनं सांगितलं की मॅडमची आई त्याच वर्षी गेली होती. त्या दुबईत, आई तिकडे. शेवटचं बघायलाही वेळेत पोचता आलं नाही.

म्हणजे तो दुसरा नमस्कार मॅडमचा होता. स्वतः आईच्या जागी बसून माझ्याकडून करवून घेत होत्या.

आणि मी खांबासारखी उभी राहिले.

सॉरी म्हणायचं ठरवलं. रोज ठरवलं. मग बारावी झाली, मी पुण्याला आले, त्या सोलला परतल्या. राहूनच गेलं.

काल त्यांच्या मुलीचा मेसेज आला, क्लासमधल्या कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून. मॅडम गेल्याचं कळवलं होतं. आणि खाली लिहिलं होतं की आईनं तो बॅले पुढे कितीदा तरी केला, पण प्रत्येक वेळी एकच नमस्कार. लाइट जातच नाही. कुणी कारण विचारलं की म्हणायची, दुबईच्या त्या मुलीला विचारा.

"आर यू द गर्ल? व्हाय वन?"

पाच वेळा टाइप करून पुसलंय.

काय लिहू? की मी घोळ घातला? की माझ्या आईनं घाबरवलं? मॅडमना तो घोळ आवडला होता, की तो माझ्यावरचा राग होता? पण इतकी वर्षं राग कुणी स्टेजवर सांभाळून ठेवतं का?

मला खरंच कळत नाहीये.

आईला फोन केला. ती आता पंच्याहत्तरीची. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता दोन कर. आता चालतं."

मी फोन ठेवला.

दुपारी टीपॉय बाजूला सरकवला. पहिला नमस्कार केला. सावकाश. मला कुठलीच बस पकडायची नव्हती.

उठले. हात कपाळाशी नेले. आणि परत तेच. उभीच राहिले.

मॅडमच्या मुलीला शेवटी एवढंच लिहिलं, "बिकॉज शी वॉज अलाइव्ह."

मॅडम, श्रद्धांजली वगैरे लिहायला हात धजत नाही. दुसरा नमस्कार करेन कधीतरी.

आज लाइट राहू दे.