सेन्सरवरची पांढरी पूड

इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला आम्ही टॅपेट कव्हर म्हणतो, ते उघडलं की बसवताना सिलिकॉन पेस्टची जाड वळी द्यायची, ही माझी खोड. सांधा बंद करणारं रबरी गॅस्केट नवंकोरं असलं तरी द्यायची. नागापूरच्या एमआयडीसीत माझं गॅरेज आहे, आणि माझ्या हातची गाडी तेलाचा थेंब गाळत नाही, ही माझी मिजास. उस्तादांनी तसं शिकवलं होतं. का, ते मी कधी विचारलं नाही.

अकोले तालुक्यातल्या एका आरोग्यसेविका ताईंचं माहेर इथं जवळच, सावेडीत. माहेरी आल्या की गाडी माझ्याकडे टाकायच्या. नवरा नोकरीला लांब, घरी धाकटा दीर. गाडी तोच चालवायचा, तोच पेट्रोल भरायचा, डोंगरातल्या वाड्यांवर लसीकरणाला तोच न्यायचा. "आमचे भाऊजी आहेत म्हणून माझी नोकरी चाललीय, दादा," असं त्या त्याच्यासमोर म्हणायच्या आणि तो बिचारा लाजून बोनेट पुसत बसायचा.

त्यांच्या गाडीचं तेल गळत होतं ते मी पेस्ट लावून थांबवलं. दोन महिन्यांत इंजिनाचा दिवा लागला. ऑक्सिजन सेन्सर गेला होता. हा सायलेन्सरच्या नळीत बसतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरला ते इंजिनाला कळवतो. त्यांच्या गाडीत तो वाइडबँड जातीचा, लई नाजूक, पण वर्षानुवर्षं चालायला हवा असा. मी नवा घातला. गाडी उभीच आहे तर म्हटलं कव्हरही उघडून ताजी पेस्ट देऊ. कुणी मागितली नव्हती हो! तीन महिन्यांत तोही मेला. पुन्हा नवा सेन्सर, पुन्हा ताजी पेस्ट. मग तिसराही गेला.

"दादा, असं का होतंय?" ताईंनी विचारलं. दीर शेजारीच उभा होता.

मला माहीत नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं. पण वीस वर्षांच्या मेस्त्रीच्या तोंडून ते निघेल तर ना! मी विचारलं, "पेट्रोल कोण भरतं?" ताईंनी दिराकडे पाहिलं. मी हसून म्हणालो, "मग त्यांनाच विचारा. पेट्रोलमध्ये रॉकेल पडल्याशिवाय सेन्सर असा मरत नाही."

"आईशप्पत वैनी, मी पंपावरच भरतो," तो म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो.

त्या वेळी काढलेला सेन्सर माझ्या हातातच होता. टोक पांढरं पडलं होतं, खडूची पूड बसावी तसं. आधीचे दोन्हीही तसेच होते. मी बघून फेकून दिले होते.

त्या दिवशी पेस्टची ट्यूब संपली होती, म्हणून कव्हर उघडलंच नाही. नुसता सेन्सर बदलून गाडी दिली.

आठ महिन्यांनी ताई एकट्याच गाडी चालवत आल्या. माझ्यासाठी घरच्या तांदळाची पिशवी आणली होती. "तुमचंच खरं निघालं, दादा. पेट्रोल आता मीच भरते, बघा, सेन्सरला काही झालं नाही. भाऊजींनी चूल वेगळी केली. एका अंगणात राहतो, पण बोलणं नाही." हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते. मी तांदूळ घेतला. वर "जाऊ द्या ताई, माणसं ओळखायला वेळ लागतो" असंही बोललो. जीभ झडायला हवी होती माझी.

त्याच आठवड्यात एका स्पेअर पार्टवाल्यानं आम्हा मेस्त्रींचा वर्ग ठेवला होता. शिकवणाऱ्यानं पडद्यावर मेलेले सेन्सर दाखवले. काळं टोक म्हणजे काजळी. पांढरं टोक म्हणजे सिलिकॉन. साधी पेस्ट कव्हरला थापली की तिची वाफ इंजिनात ओढली जाते, जळते आणि सेन्सरवर जाऊन बसते. शेजारचा मेस्त्री म्हणाला, "आयला, असं कोण करतं?" मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दिराला फोन लावला. त्याचा नंबर माझ्याकडे आधीपासून होता. सगळं सांगितलं, पेस्टसकट. माफी मागितली.

तो म्हणाला, "मला कशाला सांगता, मेस्त्री? मी रॉकेल टाकलं न्हाई, हे मला ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा. थांबा, वैनी अंगणातच हाय."

मग त्याच्या चपलांचा आवाज आला. घाईघाईनं निघाला होता. आणि आठ महिन्यांत मारली नसेल अशी हाक त्यानं मारली, "वैनी! ओ वैनी!"

मी फोन कट केला.

लगेच त्याचा फोन आला. मग पुन्हा आला. मी हातात मोबाईल धरून तो वाजताना बघत राहिलो. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा नाव ताईंचं होतं. तोही मी उचलला नाही.