नव्या डब्यातलं इंजेक्शन

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा. दवाखान्यातून डिंडोलीला आत्ताच परत आलो.

सकाळी मीच ग्रुपवर टाकलं होतं, की संधिवाताचं इंजेक्शन नकली येतंय, घेऊ नका. डब्यावर कंपनीचं नाव वेगळं दिसलं आणि मी घाबरलो. बायकोची बोटं सुजलेली, तरी तिला घेऊ दिलं नाही. डबा आणि तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर हसले. "काका, चिंता ना करो. हे बायोसिमिलर आहे. ही औषधं जिवंत पेशींपासून बनतात, म्हणून दुसऱ्या कंपनीचं अगदी हुबेहूब नसतं. पण गुण तेवढाच येतो, हे तपासूनच विकायला परवानगी देतात."

मला अर्धंच कळलं. बायको म्हणाली, "अहो, आपलं विरजण संपलं की शेजारणीकडून आणते. ते दही मुकाट्यानं खाता ना?"

तिथंच तिनं इंजेक्शन घेतलं. माझा जीव भांड्यात पडला.

पण बमरोलीचे नाना, वहिनींचंही हेच इंजेक्शन आहे, आणि माझं वाचून तुम्ही "आजचं थांबवतो" म्हणालात. माझ्या सांगण्यावरून थांबवू नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारा. तुमचा फोन लागत नाही. वहिनींनी घेतलं का, तेवढं लवकर कळवा.